सांडशीनं उचललेलं फावडं

ते फावडं मी फेकलं. दुसऱ्या कुणी नाही. आणि हातानंसुद्धा नाही, सांडशीनं.

खंडेनवमीची सकाळ होती. फौंड्रीतली भट्टी त्या दिवशी थंड. काळी वाळू एका कोपऱ्यात सारून ठेवलेली. मधल्या मोकळ्या जमिनीवर पाण्याचा सडा, त्यावर लाकडी फळ्या, आणि फळ्यांवर सगळ्यांची हत्यारं ओळीनं मांडलेली. थाप्या, हातोड्या, चाळण्या, पाने. प्रत्येकानं आपलं हत्यार घासूनपुसून आणलेलं. वर्षातून एक दिवस हत्याराला कामाला जुंपायचं नाही. त्याला हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं, ज्याच्यावर पोट भरतं त्याला हात जोडायचे.

रंगराव मिस्त्री हातात हळदीची वाटी घेऊन ओळीवरून पुढं पुढं चालला होता. शेवटच्या फळीपाशी थांबला. तिथं एक फावडं होतं. पातं घासून लख्ख केलेलं. बाभळीच्या दांड्याला तेल लावलेलं.

"ह्ये कुणाचं रं?"

कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तसलं फावडं फौंड्रीत एकच माणूस वापरायचा. वाळू ओढणारा राघू कांबळे. सगळ्यांच्या आधी येऊन त्यानं ते फळीवर ठेवलं होतं आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभा राहिला होता. पूजेच्या दिवशी त्यानं उंबऱ्याच्या आत यायचं नाही, असा नेम होता.

"राघ्याचं दिसतंय," कुणीतरी म्हणालं.

"आरं तिच्या! वाळूचं फावडं पूजेला? उद्या खराटा आणून ठिवाल."

लोक हसले. मग रंगरावनं माझ्याकडे पाहिलं. तिथं मला सगळे फायनल म्हणत.

"फायनल, उचल त्ये. भाईर टाक."

मी वाकलो.

"आरं आरं, हातानं नगं शिवू! तुजी पूजा व्हायचीय अजून. सांडशी घे."

भिंतीला लांब दांड्यांची सांडशी टेकवलेली असायची. भट्टीतलं तापलं लोखंड धरायची. ती मी घेतली. तिच्या जबड्यात फावड्याचा दांडा धरला. तेलामुळे तो निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. लोक आणखी हसले. तिसऱ्या वेळी घट्ट धरून मी ते फरफटत दाराबाहेर नेलं आणि खंगराच्या ढिगावर टाकलं. भट्टीतून लोखंडाची जी घाण निघते ती तिथं टाकत. राघू कांबळे माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. त्यानं फावड्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

मागून रंगराव ओरडला, "आता खरा फायनल पास झालास, भावा!"

मी आत आलो. हात धुतले. प्रसादाचं गूळखोबरं खाल्लं.

राघू कांबळे माझा मामा होता.

आज हे लिहायचं कारण सांगतो. आमच्या वस्तीत सभा झाली की मला पुढच्या खुर्चीवर बसवतात. कुणी तरुण कार्यकर्ता उठून सांगतो, ह्यांनी कंपनीत मिस्त्रीच्या तोंडावर जात सांगितली, पाण्याच्या भेदावर लाथ मारली, नोकरीवर पाणी सोडलं. टाळ्या होतात. मी हात जोडतो. वीस वर्षं हात जोडतोय. ती गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. आणि अर्धी गोष्ट ज्याला फायद्याची असते तोच ती अर्धी सांगतो. तो मी. म्हणून आता सगळी लिहितो. वाचून कुणी माझी कीव केली तर मला राग येईल.

पहिलं मतदान होऊन पावणेदोन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या रस्त्यावर दापोडीपासून पिंपरीपर्यंत तेव्हा शेतंच जास्त होती. ज्वारीच्या रानात मधेच एखाद्या कारखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसायचं. आमची फौंड्री त्यातलीच एक. विहिरीच्या पंपांचे ओतीव भाग तिथं व्हायचे. जागा रंगरावच्या भावकीची होती. ती देताना त्यांनी शेठजींकडून कबूल करून घेतलं होतं, मिस्त्री आमचा राहील. त्यामुळे फौंड्री शेठजींची असली तरी आत गाव रंगरावचं होतं.

मी नगरकडून आलो होतो. व्हर्नाक्युलर फायनल पास. त्या परीक्षेच्या नावानंच सगळे मला हाक मारायचे, फायनल. राघूमामा आईचा चुलत भाऊ. त्यानंच पत्र लिहवून घेऊन कळवलं, हितं साचे बनवायला वाचता येनारा मानूस पायजे, ये. मी आलो त्या दिवशी स्टेशनवर मला उतरवून घेतलं, अर्ध्या वाटेवर आणलं आणि थांबला.

"आता म्होरं एकलाच जा. माझ्या मागनं यिऊ नको."

"का, मामा?"

"तुझं आडनाव पाटलांत बी असतंय. कुनी इचारलं न्हाय तर सांगू नको. इचारलं तर तुझं तू बघ. मी काय बोलनार न्हाय."

कुणी विचारलं नाही. गोरा होतो, मराठी शुद्ध बोलत होतो, सही ठसठशीत करत होतो. त्यांनी जे धरायचं ते धरलं. मी मान हलवली नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

फौंड्रीच्या दाराशी एक मोठा रांजण होता. त्यावर पितळी पेला. आम्ही तेरा जण पेला बुडवून प्यायचो. चौदावा राघूमामा. तो ओंजळ धरून लांब बसायचा आणि कुणीतरी वरून पाणी ओतायचं. जो रांजणाजवळ असेल त्यानं ओतायचं. कधी कधी मी असायचो.

मी माझ्या मामाच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं आहे. शिंतोडा उडू नये म्हणून पाय मागं घेऊन.

मामाला त्याचं काही वाटत नसावं असं मी धरून चाललो होतो, कारण तो थट्टा करायचा. "जरा मोठी धार सोडा की, फायनलसाहेब. आमची ओंजळ म्हंजी काय चहाचा कप न्हाय." सगळे हसायचे. मीही. भट्टीपुढं आठ तास वाळू ओढणाऱ्या माणसाला तहान किती लागत असेल, हे मी तेव्हा मोजलं नाही.

रविवारी मात्र मी त्याच्या घरी जेवायचो. नदीपलीकडे काळेवाडीच्या कडेला त्याची झोपडी होती. फौंड्रीतलं कुणी दिसेल म्हणून मी आडवाटेनं जायचो. ठकूमामी बोंबलाचं कालवण करायची, बाजरीची भाकरी थापायची. मी पोटभर जेवायचो. जेवताना तो मामा, सोमवारी तो राघ्या. सहा दिवस आणि एक दिवस. दीड वर्ष असं चाललं आणि मला त्यात काही अवघड गेलं नाही. हेच सांगतोय मी. अवघड गेलं नाही.

खंडेनवमीच्या आधीचा रविवार. जेवण झालं होतं. मामा दारात बसून फावड्याचा दांडा काचेच्या तुकड्यानं तासत होता.

"तुला एक इचारायचं हाय," तो म्हणाला. "तू शिकल्याला हायस. औंदा खंडेनवमीला ह्ये आत ठिवीन म्हनतो. फळीवर. सगळ्यांच्या वळीत."

त्यानं काचेचा तुकडा खाली ठेवला.

"न्हाय म्हंजी, मतदानाला पाटलाच्या मागं मी एकाच वळीत हुबा व्हतो. तवा काय आभाळ पडलं न्हाय. मग हत्याराला काय हुतंय? मी बी त्याच्यावरच खातो. ह्ये बराबर हाय का चूक, त्येवढं सांग."

मामी आतून म्हणाली, "त्याला काय इचारता? त्यो काय वकील हाय?"

"वकील न्हाय, पर फायनल हाय. त्याला कळतंय."

आणि मला कळत होतं. मी छाती पुढं काढून सांगितलं, "बरोबर आहे, मामा. ठेवा. आता कायदा आहे. कुणाच्या बापाला अडवता येणार नाही."

मामा हसला. मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू भाच्याच्या तोंडून न्यायाधीश बोलला. मग त्यानं मामीकडं खोबऱ्याचं तेल मागितलं, दांड्याला लावायला. घरात तेल थोडंच होतं. मामी कुरकुरली, पण वाटी दिली.

हे मी सभेत कधी सांगितलेलं नाही. ते फावडं माझ्या सांगण्यावरून तिथं ठेवलेलं होतं.

त्यामुळं मला बरोबर-चूक कळत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. मी पोर नव्हतो. बावीस वर्षांचा घोडा होतो. रविवारी मला जे कळत होतं तेच बुधवारीही कळत होतं, सांडशी हातात घेतानाही कळत होतं. कळण्यानं काही झालं नाही. मामाच्या झोपडीत बरोबर काय ते सांगायला काही लागत नाही, पोटात भाकरी असली की पुरे. रंगरावच्या समोर तेच सांगायला जे लागतं ते माझ्याकडं नव्हतं. मी शिकलेला होतो एवढंच.

पूजा आटोपल्यावर नळाशी उस्मानभाई भेटला. भट्टीचा पंखा आणि यंत्रं सांभाळणारा आमचा मेकॅनिक. वयानं मोठा, खडकीकडचा. त्याच्या हातात त्याचा पाना होता, पान्याला हळद लागलेली.

"फायनल, एक समजाव मला. मी नमाज पढणारा आदमी. माझा पाना चालला पूजेला. मिस्त्रीनं स्वतः हळद लावली. राघूचं फावडं नाही चाललं. ये कौनसा हिसाब है?"

"रूढी आहे, उस्मानभाई. मी काय करणार?"

"रूढी रंगरावची असंल." त्यानं पाना फडक्यात गुंडाळला. "उचलणारा तू होतास ना?"

त्याला माझी जात ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर तो काय म्हणाला असता याचा विचार मी पुढं किती दिवस करत होतो.

दसऱ्यानंतर मामा कामाला आला, फावडं खांद्यावर. मला वाटलं आता हा सांगणार. एक वाक्य बोलायचा अवकाश होता, ह्यो माझा भाचा हाय. तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कधीच नाही. त्यानं मला वाचवलं, आणि तसं वाचवून मला कुठंच ठेवलं नाही.

एक मात्र बदललं. त्यानं ओंजळ धरणं सोडलं. घरून मातीचं मडकं आणलं, शिंक्यात घालून बाहेरच्या कडुनिंबाला टांगलं, नळावरून स्वतः भरून आणू लागला. मडक्यावर एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला. तहान लागली की उठायचा, आपला पेला बुडवायचा, उभ्यानं प्यायचा. थट्टाही सोडली. रांजणापाशी कुणी "राघ्या, ये, वततो" म्हटलं की म्हणायचा, "नगं. माझं हाय."

दोन रविवार मी काळेवाडीला गेलो नाही. तिसऱ्या रविवारी गेलो. मामा दारात होता. मी पायांशी बसलो. रडलोसुद्धा.

"मामा, मला माफ करा."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं, कुणाला तरी शोधत असल्यासारखं.

"हितं कोन हाय?"

"कुणी नाही, मामा."

"तू फेकलंस तवा किती मानसं व्हती?"

मी बाहीनं डोळे पुसले.

"किती व्हती? तू फायनल हायस, मोज की."

"मला धरून तेरा."

"मग तेरा मानसांम्होरं लाज काढायची, आन माफी कुडाआड? ह्यो कुठला न्याय काढलास रं?" त्याचा आवाज चढला नव्हता. "हितं माफी मागनं सोपं हाय. हितं तर तू माझा भाचाच हायस. तितं माग, जितं न्हाईस."

मामीनं आतून ताट आणलं होतं. मामानं हात आडवा केला.

"त्याला वाढू नको. पाटलाचं पोर हाय ते. आपल्या ताटात कसं जेवंल?"

मामीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ताट तिनं आत नेलं. मी उपाशी परत आलो. त्यानंतर त्या घरी मी जेवलो नाही.

तुम्हाला वाटेल, दुसऱ्याच दिवशी मी त्या माणसांपुढं उभा राहिलो. नाही. साडेपाच महिने गेले. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन. रोज सकाळी दापोडीच्या खोलीतून निघताना ठरवायचो, आज. रोज काहीतरी सापडायचं. आज भट्टी लावलीय, आज शेठजी आलेत, आईला मनिऑर्डर जायचीय, धाकटीचं लग्न ठरतंय. सगळी कारणं खरी होती. हे लक्षात घ्या. माझ्याकडं एकही कारण खोटं नव्हतं. भित्र्या माणसाकडं खरी कारणं भरपूर असतात.

चैत्रात ऊन असं पेटलं की पत्र्याखाली उभं राहवेना. वाळू चाळायला तेव्हा दोन बाया लागल्या होत्या, मराठवाड्यातून आलेल्या, मायलेकी. रांजणातून त्यांना कुणी पटकन पाणी द्यायचं नाही. एकदा आईला घेरी आली. मामानं मडक्यातला पेला भरून तिच्या हातात दिला. दुसऱ्या दिवसापासून त्या दोघी त्याच मडक्यातून पिऊ लागल्या. मग एक हमाल. मग उस्मानभाई. त्याला तर रांजणाची मनाई नव्हती, तरी तो कडुनिंबाखाली जायचा. म्हणायचा, "राघूचं पानी थंडा है." आठ दिवसांत कडुनिंबाखाली माणसं जमू लागली आणि रांजणापाशी कमी.

रंगरावला ते दिसलं. तो पाण्यावर चिडलेला नव्हता. माणसं कुणाच्या झाडाखाली बसतात, त्यावर चिडला होता.

दुपारची सुट्टी संपत आली होती. सगळे दाराशी होते. रंगराव कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ही पाणपोई कुणी काढली रं? काय म्हाराजांच्या नावानं धरमशाळा हाय का कंपनी?"

मामा वाळूच्या ढिगापाशी उभा होता. "प्यायचं पानी हाय, मिस्त्री. माझं मी आनतो."

"तुजं तू पी की. गाव कशाला बाटवतूस?" मग तो वळला. मला ठाऊक होतं तो कुणाकडं वळणार. "फायनल! सांडशी घे. वढ त्ये शिंकं खाली आन् फोड मडकं."

मी सांडशी उचलली. खोटं लिहीत नाही, उचलली. हात सवयीनं गेला. तिचं वजन मनगटाला लागलं आणि मामानं माझ्याकडं पाहिलं. तसंच. त्या पाहण्यात विनंती नव्हती, रागही नव्हता. तो फक्त बघत होता की हा आता काय करतो.

मी सांडशी खाली टाकली. कडुनिंबाखाली गेलो आणि मडक्यात पेला बुडवला.

"आरं ए, येडा झालास का?" रंगराव.

"मिस्त्री, मी महार आहे," मी म्हणालो. "राघू कांबळे माझा मामा आहे. दोन वर्षं तुमच्या रांजणातनं पितोय. तुम्ही कुणी मेला नाहीत."

मी पेला तोंडाला लावला.

तेवढ्यात मामा आला. मला वाटलं, मिठी मारेल. खरंच वाटलं मला. त्यानं माझ्या हातातला पेला काढून घेतला. पाणी माझ्या सदऱ्यावर सांडलं.

"इचारलंस का?"

"मामा..."

"माझं मडकं हाय. माझं पानी हाय. ह्या बाया बी इचारून घेत्यात. तुला कुनी सांगितलं हात घालायला? आधी माझं फावडं इचारल्याबिगर फेकलंस, आता पानी इचारल्याबिगर पितूस. तुला वाटतंय तू जात सांगितलीस म्हंजी झालं समदं. ती जात रंगरावला सांगितलीस. मला काय सांगितलंस?"

त्या एका क्षणात माझी हवा गेली. मी मोठं काहीतरी केलं, असं मला वाटत होतं. टाळ्यांची ती चव तेव्हापासूनच जिभेवर होती, पुढं वीस वर्षं सभांतून मी तीच चाखली. आणि मामा विचारत होता, ज्याचं वाईट केलंस त्याला काय दिलंस? रंगरावच्या तोंडावर बोलायला जी छाती लागते ती शेवटी रंगरावसाठीच असते. मामापुढं वाकायला वेगळं काहीतरी लागतं.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो. रंगरावनं त्याच दुपारी घणानं रांजण फोडला. दोन वर्षं आपण सगळे बाटलो म्हणून घरी जाऊन गोमूत्र प्यायला, असं नंतर कानावर आलं. मला संध्याकाळच्या आत फाटकाबाहेर काढलं. त्या रस्त्यावरच्या दुसऱ्या कुठल्याही फौंड्रीनं मला दारात उभं केलं नाही. मी पुण्यात लाकडाच्या वखारीत लागलो. मामाला मात्र ठेवलं, कारण ती वाळू दुसरं कुणी ओढणार नव्हतं. रंगरावच्या धर्माची उडी तेवढीच. पुढच्या खंडेनवमीला म्हणे दोघाचौघांनी मामाला सांगितलं, आता ठेव फावडं, आमची हरकत नाही. मामा म्हणाला, "मला बी आता त्येंच्या हळदीची गरज न्हाय." मामानं मला माफ केलं का? त्यानं तसं कधी म्हटलं नाही. तो गेला तेव्हा मी खांदा दिला. मामीनं देऊ दिला. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावणार नाही.

आता ती दुपार. मामानं पेला माझ्या हातातून घेतला आहे. बाकीची माणसं दाराशी आहेत, रंगराव घण शोधतो आहे, उस्मानभाई टोपी काढून उभा आहे, त्या दोघी मायलेकी चाळण धरून थांबल्या आहेत. माझा सदरा ओला आहे. मी मामाकडं तोंड केलं, पाठ रंगरावकडं. शुद्ध मराठी तोंडात आलीच नाही. गावची भाषा आली, आईची. मोठ्यानं बोललो, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं:

"मामा, खंडेनवमीला तुमचं फावडं म्या फेकलं. मिस्त्रीनं सांगितलं म्हनून न्हाय. मला माझी जागा ऱ्हावी म्हनून. ते वळीत ठिवा, असं तुमाला म्याच सांगितलं व्हतं, आन म्याच वढत नेलं. ह्या समद्यांनी बघितलं, म्हनून ह्या समद्यांम्होरं सांगतो. म्या चुकलो. चुकतोय ह्ये मला तवाबी कळत व्हतं. तुमच्या वंजळीत पानी वतताना बी कळत व्हतं. माफ करा असं म्हनत न्हाय, त्ये तुमचं तुमी बघा. पर हितनं म्होरं कुठंबी ऱ्हायलो, कुनाच्याबी हाताखाली ऱ्हायलो, तर आधी सांगीन मी कोन, मंग पानी मागीन. आन कुनाची चीज भाईर टाक म्हनून मला कुनी सांगितलं, तर त्याला न्हाय म्हनीन. कारनं असली तरी न्हाय म्हनीन. खरी असली तरी."